इंजेक्शनच्या आधी

६ फेब्रुवारी

हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंनी दोन कामं लावून दिली आहेत. किती पाणी पोटात गेलं आणि किती बाहेर आलं ते तक्त्यात भरायचं, आणि मनात येईल ते वहीत लिहायचं. तक्ता जमेल. वहीबद्दल मी म्हटलं, बाई, मी टॉवर क्रेन चालवतो. दिवसभर वरच्या केबिनमध्ये एकटा असतो, मनात येतं ते तिथेच वाऱ्यावर सोडून खाली उतरतो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, औषधं लागू पडली की आधी आपण कसे होतो हे तुम्हालाच आठवणार नाही, म्हणून लिहा.

तर आजाराबद्दल. माझ्या रक्तातल्या काही राखणदार पेशी बहकल्या आहेत. जिथे त्यांचं काही काम नाही तिथे जाऊन ठिय्या मारतात आणि सूज आणतात. आधी नडगीच्या हाडांत बसल्या. शिडी चढताना पाय ठणकायचे आणि मी वयाच्या नावाने बोटं मोडायचो. मग डोक्याच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिच्या देठाशी जमल्या. ही ग्रंथी म्हणजे शरीरातल्या सगळ्या हार्मोन्सची मुकादम. ती आजारी पडली की हाताखालचे सगळे हातावर हात ठेवून बसतात. पाणी धरून ठेवायचा हुकूमही तीच सोडते. तो बंद झाला, म्हणून गेली तीनेक वर्षं मी पितो आणि ते सरळ बाहेर जातं. सगळ्यांना साखरेची शंका होती, ती पुन्हा पुन्हा तपासून झाली. साखर छान आहे.

निदान ऐकून मला हायसं वाटलं. घरी काय, साइटवर काय, सगळ्यांना ही माझी खोड वाटत होती. आता खोडीला नाव मिळालं. नाव इतकं अवघड आहे की रक्ताचे डॉक्टरसुद्धा कागद बघून उच्चारतात.

९ फेब्रुवारी

क्रेनवरून खाली का आलो ते लिहून टाकतो.

वर जाताना प्रत्येक ऑपरेटर पाण्याची बाटली नेतो आणि एक रिकामी बाटली नेतो. रिकामी कशासाठी ते सांगायला नको. शिडी उतरून परत चढेपर्यंत खालचं सगळं काम खोळंबतं. माझ्या दोन्ही बाटल्या मोठ्या होत गेल्या, शेवटी कॅन झाले. भार हवेत लटकत असताना दोन्ही हात दांड्यांवर अडकलेले असतात, तेव्हा तहान लागली तर जीव कासावीस होतो. म्हणून मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली होती. तहान लागायच्या आधीच पोट भरून पिऊन ठेवायचं.

गेल्या महिन्यात सळ्यांचा भारा हवेत असताना मला कळ आवरली नाही. हात काढता येईना. मानमोड्या खालून वॉकीटॉकीवर सांगत होता, डावीकडे, अजून थोडं, हळू, बस. मी भारा नीट ठेवला आणि ओल्या पँटीने शिडी उतरलो. कोणीही हसलं नाही, ते जास्त लागलं. साइटच्या इंजिनिअरने खांद्यावर हात ठेवून सांगितलं, आधी डॉक्टर, मग क्रेन.

मानमोड्या म्हणजे आमचा सिग्नलवाला. सतत वर बघून त्याची मान कायमची तिरकी झाली आहे. इतकी वर्षं त्याचाच आवाज माझ्या कानात असतो. मी बायकोशीही एवढं बोललेलो नाही.

बायको गेल्या वर्षापासून दुसऱ्या शहरात, तिच्या बहिणीकडे राहते. तिथे एका चष्म्याच्या दुकानात तिला चांगली नोकरी मिळाली. निघताना दारात तिने विचारलं होतं, मी राहू का. मी म्हटलं, तुझ्या नोकरीच्या आड मी कशाला येऊ. असं म्हणणारे नवरे किती असतील. त्यावर ती बराच वेळ चपला शोधत राहिली. चपला समोरच होत्या.

त्याआधीही मी तिला कधी त्रास होऊ दिला नाही. मला सारखं उठावं लागायचं आणि तिची झोप मोडायची, म्हणून मी आपली गादी उचलून हॉलमध्ये टाकली. ती काही बोलली नाही, मीही बोललो नाही. समजूतदार माणसांमध्ये प्रत्येक गोष्ट सांगावी लागत नाही.

१३ फेब्रुवारी

रक्ताचे सगळे रिपोर्ट आले. डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, दाढी किती दिवसांनी करता. मी म्हटलं, हल्ली आठवण झाली की करतो, ब्लेडचा खर्च वाचतो. मग त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. पुरुषाच्या अंगात जे हार्मोन असतं ते माझ्यात जवळजवळ नाहीच. गेली दोन-तीन वर्षं नसणार, म्हणाल्या. थकवा, अंगात जोर नसणं, कशातच मन न लागणं, हे सगळं त्याचंच. मग त्यांनी सरळ विचारलं की बायकोजवळ जावंसं वाटायचं का. मी खिडकीकडे बघत म्हटलं, आता वय झालं.

"शेहेचाळीस हे ते वय नव्हे," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं की बायको नोकरीसाठी बाहेरगावी असते, त्यामुळे तो प्रश्नच येत नाही. त्यांनी विचारलं, त्या नोकरीसाठी गेल्या, की जायचंच होतं आणि नोकरी मिळाली. डॉक्टर लोकांना घरगुती गोष्टींत नाक खुपसायची फार हौस.

औषधं टप्प्याटप्प्याने सुरू होणार. स्टेरॉइडची गोळी चालू झालीच आहे, ती चुकवायची नाही. उद्यापासून पाणी अंगात धरून ठेवणारी, म्हणजे पाण्याची गोळी. पुरुषी हार्मोनचं इंजेक्शन सगळ्यात शेवटी, मार्चमध्ये. पेशींना आवर घालणारी गोळी रक्ताचे डॉक्टर वेगळी देणार. पेशी ताब्यात आल्या तरी ग्रंथीचं बिघडलेलं काम बहुधा परत येणार नाही. तिचे हुकूम आता आयुष्यभर बाहेरून आणायचे.

१७ फेब्रुवारी

पाण्याची गोळी म्हणजे जादू आहे. इतक्या वर्षांनी सलग झोपलो. उठलो तेव्हा आधी कळेना की काय चुकलंय.

पण दिवस मोठा झाला. पिणं आणि जाणं यातच माझा अर्धा दिवस जायचा, हे आज कळलं. दुपारी सवयीने फ्रीज उघडला आणि तसाच उभा राहिलो. बायको म्हणायची, तू माझ्यापेक्षा फ्रीजजवळ जास्त असतोस. आता फ्रीजशीही काही काम उरलं नाही. समोरच्या इमारतीत कोणीतरी गॅलरी धूत होतं, ते संपेपर्यंत बघत बसलो.

बाईंनी बजावलं आहे की गोळी चालू असताना तहान लागली तरच पाणी प्यायचं. ठीक आहे. पण तहान काय असते ते त्यांना काय माहीत. सावधगिरी म्हणून मी सकाळी आणि दुपारी थोडं पिऊन ठेवतो. थोडं म्हणजे नेहमीइतकंच. तक्त्यात पूर्ण लिहीत नाही, उगाच बोलून घ्यावं लागेल.

२० फेब्रुवारी

डोकं जड. जेवण जात नाही, मळमळतं. नव्या गोळ्यांची सवय व्हायला वेळ लागत असेल.

मानमोड्याचा फोन आला होता. क्रेनवर आलेला नवा ऑपरेटर फक्त हं म्हणतो, म्हणून त्याला करमत नाही. मी म्हटलं, मलाही करमत नाही. हे मी बोललो याचं दोघांनाही नवल वाटलं, मग त्याने हवापाण्याचं काढलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की त्याआधीच्या तीन दिवसांत मी कुणाशी एक शब्द बोललो नव्हतो. पाणी भरपूर पितो आहे, त्याने डोकं उतरेल.

२२

डोकं फुटतंय. उलटी. अक्षर मोठं येतंय.

मानमोड्या वॉकीवर आहे. आज आवाज बायकी. म्हटलं सर्दी झाली का. भार उचललाय. गादीच आहे वाटतं दोराला. हळू घे. डावीकडे. अजून थोडं. म्हणतो कुठे आहेस तू. म्हटलं वर. म्हणतो खाली ये. म्हटलं खाली कोणी नाही. रडतो कशाला.

आधी पाणी पिऊन घेतो.

२७ फेब्रुवारी

हॉस्पिटलमध्ये आहे. उद्या सोडतील.

वरचं पान माझंच आहे, पण मला ते लिहिल्याचं आठवत नाही. झालं असं की गोळीने पाणी अंगात धरून ठेवलं आणि मी वरून ओततच राहिलो. रक्तातलं मीठ इतकं पातळ झालं की मेंदूला सूज यायला लागली. डॉक्टरीणबाई स्वतः येऊन गेल्या. आवाज न चढवता म्हणाल्या की माझ्या सगळ्या पेशंटमध्ये तहान लागायच्या आधी पाणी पिणारे तुम्ही पहिलेच. मी क्रेनचं, दांड्यांचं, हवेतल्या भाराचं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, पण आता तुम्ही जमिनीवर आहात ना.

मानमोड्याने वाचवलं. माझ्या घरावरून जात होता म्हणे, सहज डोकावला, दार आतून बंद, हाक दिली तर उत्तर नाही, मग शेजाऱ्यांच्या मदतीने कडी तोडली. त्याचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि माझ्या घरावरून कुठेच जाता येत नाही, पण सवड काढून आला असेल. मी आभार मानायला लागलो तर तो मान आणखी तिरकी करून भिंतीकडे बघत बसला. मित्र असावा तर असा.

नर्सही चांगल्या आहेत. पहिल्या दोन दिवसांतलं फारसं आठवत नाही, पण एक नर्स माझा हात धरून बसली होती. तिच्या हाताची बोटं गार होती. मी तिला म्हटलं, सिस्टर, पाणी द्या. ती उठून गेली आणि पुन्हा दिसली नाही. तिची ड्यूटी बदलली असावी. आज विचारलं तर कोणालाच काही माहीत नाही.

१ मार्च

काल घरी आलो. कडी मानमोड्याने नवीन बसवून दिली आहे, थोडी वाकडी.

संध्याकाळी मेहुणीचा फोन. तिचा माझा फोन वर्षातून एकदा होतो, म्हणून धसकाच घेतला. सुरुवातीलाच म्हणाली, भावोजी, तिने सांगू नको म्हणून शपथ घातली आहे, पण माझ्या पोटात राहत नाही.

बावीस तारखेला मी फोन मानमोड्याला नाही, बायकोला लावला होता. ती दुकानात होती. मी तिला डावीकडे, अजून थोडं, हळू असं सांगत राहिलो आणि शेवटी म्हणालो की खाली कोणी नाही. तिने दुकानाच्या फोनवरून मानमोड्याला गाठलं आणि माझ्या घरी पिटाळलं. तो पोचेपर्यंत तिने माझ्याशी चालू असलेला फोन ठेवला नाही. मग आहे त्या कपड्यांनिशी बस पकडून आली. हॉस्पिटलमध्ये दोन दिवस बसून होती. डॉक्टरीणबाईंना भेटून सगळं विचारून घेतलं. मी शुद्धीवर येतोय असं वाटलं तेव्हा मी तिच्याकडे बघून सिस्टर म्हणालो.

"ती म्हणाली, आता याला बरं वाटतंय, मी कशाला थांबू," मेहुणीने सांगितलं. मग म्हणाली, "भावोजी, तुम्हाला ती नको होती तर तसं सांगायचं होतं. तीन वर्षं तिला आरशासमोर उभं राहायला लावलंत."

मी म्हटलं, नको कुठे होती. मेहुणी म्हणाली, मग गादी हॉलमध्ये का नेलीत.

५ मार्च

चार दिवस काही लिहिलं नाही. गादीकडे बघत होतो.

ती गादी नेली त्या दिवशी मला स्वतःचा किती अभिमान वाटला होता ते आठवतं. आणि तिने नंतर नवे कपडे घेतले होते, केस कापले होते. मी बघितलं होतं. छान आहे असं म्हणायला जे काही आतून उठावं लागतं ते उठलंच नाही. मला वाटलं, लग्नाला इतकी वर्षं झाली की असंच होत असेल. तिला वाटलं, तिचं काहीतरी कमी पडलं. मला आता नुसतं बसून राहवत नाही इतकं वाईट वाटतं आहे.

आज डॉक्टरीणबाईंकडे गेलो. इंजेक्शन उद्याचं होतं. मी विचारलं, थोडं पुढे ढकललं तर चालेल का. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. स्टेरॉइडची गोळी एक दिवसही चुकवलेली चालणार नाही, म्हणाल्या, पण हे इंजेक्शन आठवडाभराने घेतलं तरी जीवावर बेतणार नाही. कारण काय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एक काम आहे, ते त्याच्या आधीच करायचं आहे. त्यांनी पुढे विचारलं नाही. बाई तशा वाईट नाहीत.

९ मार्च

बसने गेलो आणि आलो. पाय ठणकताहेत, पण आजच लिहायला हवं.

दुकान छोटं आहे. काचेतून आधी तीच दिसली. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कानामागे चष्म्याची काडी बसवत होती, थोडी वाकवायची, पुन्हा लावून बघायची. मी आत जाऊन गिऱ्हाइकांच्या मागे उभा राहिलो. तिने मान वर केली आणि म्हणाली, बस, हे झालं की येते. जणू मी रोज येतो.

मागे भिंगं घासायची खोली आहे. तिथे दोन स्टुलांवर बसलो. मशीन चालूच होतं, त्यामुळे जरा मोठ्याने बोलावं लागत होतं. ती माझ्या आजाराबद्दल माझ्यापेक्षा जास्त वाचून बसली आहे.

"तुझा दोष नव्हता, हे कळलं मला," ती म्हणाली. "माझाही नव्हता. मग मी तीन वर्षं रडले कुणामुळे? वाटाण्याएवढ्या त्या ग्रंथीमुळे?"

मी फक्त म्हटलं की गादी तुझी झोप मोडू नये म्हणून नेली होती.

"एवढं एक वाक्य तेव्हा बोलला असतास तर?" ती म्हणाली. "मी आत जागीच असायचे. तू उठलास की पाणी प्यायचा आवाज यायचा. वाटायचं, येताना आत डोकावशील."

मग तिने मशीन बंद केलं. खोली एकदम शांत झाली.

"आता इंजेक्शन घेशील," ती म्हणाली. "मग तुला मी आवडायला लागेन. पण ते औषध आहे. ते कुणाहीकडे बघून तसंच वाटायला लावेल. तू परत आलास असं मी कशावरून समजू?"

"अजून घेतलेलं नाही," मी म्हटलं. "पुढे ढकललं. म्हणून आज आलो."

मी बसमध्ये काय काय जुळवून ठेवलं होतं ते सगळं डोक्यातून गेलं, म्हणून जे होतं ते तसंच सांगितलं.

"मला आत्ता तुझ्याबद्दल तसलं काही वाटत नाही. खोटं कशाला बोलू. कुणाबद्दलच वाटत नाही, अंग नुसतं लाकूड झालंय. पण घरात तू नाहीस, हे मला दिवसभर कळत राहतं. चहा करताना कळतं, दार लावताना कळतं. हे औषधाने आलेलं नाही. उद्या औषध लागू पडलं की मलाही सांगता येणार नाही यातलं माझं किती आणि त्याचं किती. म्हणून आज सांगून टाकतो."

ती रडली नाही. हातातला कपडा घेऊन एक भिंग पुसत राहिली, ते आधीच स्वच्छ होतं. मग विचारलं, बसमध्ये पाणी प्यायलास का. मी म्हटलं, तहान लागली नव्हती, म्हणून नाही. तिने मान डोलावली. बाहेरून मालकाने हाक मारली, गिऱ्हाईक आलं होतं. जाता जाता ती म्हणाली, इंजेक्शन वेळेवर घे, त्यात आता चालढकल नको.

परत येतेस का, हे मी विचारलं नाही. विचारायला गेलोच नव्हतो, असं बसमध्ये स्वतःला सांगत होतो, पण ते खरं नाही.

१२ मार्च

आज इंजेक्शन झालं. कमरेत दिलं, बराच वेळ दुखत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फरक जाणवायला काही आठवडे लागतील, लगेच कुस्ती खेळायला जाऊ नका. विनोद त्याही करतात तर. क्रेनवर परत चढता येईल का ते उन्हाळ्यानंतर बघू म्हणाल्या.

घरी येऊन अंडी उकडली, खाल्ली, भांडं घासून ठेवलं. नंतर फोन वाजला. बायकोचा होता. तिने स्वतःहून फोन करायची ही वर्षभरातली पहिलीच वेळ.

"घेतलंस?"

"घेतलं."

"मग? काही वेगळं वाटतंय?"

मी नीट आठवून बघितलं, कारण तिला खोटं सांगायचं नव्हतं. सकाळी जसा होतो तसाच होतो. त्या दिवशी भिंगांच्या खोलीत बसलो होतो तसाच.

"नाही," मी म्हटलं. "अजून तसाच आहे."

"बरं झालं," ती म्हणाली.

त्यानंतर तिने फोन ठेवला नाही आणि मीही ठेवला नाही.